वहीतली अकरा कामे

रविवार, रात्री साडेनऊ

उपासनेहून घरी आल्यावर आठवड्याच्या कामांची वही उघडली, तर तिच्यात अकरा नोंदी निघाल्या: बुधवारची घरगुती प्रार्थनासभा, भगिनी मंडळाचा हिशेब, नाताळच्या गायनाचा सराव, वर्षभरात पवित्र शास्त्र वाचून संपवण्याचा जो तक्ता मी जानेवारीत कपाटाच्या दाराला चिकटवला त्यातले मागे पडलेले सतरा अध्याय, आणि असेच आणखी काही. यांतले एकही काम टाकाऊ नाही. तरीही वही मिटताना मी थकले होते, आणि या थकव्यालाच इतकी वर्षे सेवा समजत आले की काय, अशी शंका मनात येऊन गेली.

आजचे वचन मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 22व्या अध्यायातले होते. सर्वांत मोठी आज्ञा कोणती, असे विचारणाऱ्याने एकच मागितली होती. येशूने दोन दिल्या. यहुदी परंपरा नियमशास्त्रातल्या, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांतल्या, आज्ञा 613 मोजते. त्यांतून देवावर पूर्ण मनाने प्रीती करण्याची आज्ञा त्याने त्यांतल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 6व्या अध्यायातून घेतली, शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची ‘लेवीय’ या पुस्तकाच्या 19व्या अध्यायातून घेतली, आणि दुसरी पहिलीसारखीच आहे असे म्हणून दोहोंची गाठ मारली. पाळकांनी यावरून ख्रिस्ती जीवन किती सोपे आहे ते सांगितले. ते मला तितकेसे पटले नाही. सुटसुटीत झालेले काम सोपे होतेच असे नाही. उलट अकरा कामांच्या आड मला जे टाळता येत होते, ते आता टाळता येईना.

कारण आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी गुरुवारी जिन्यात विचारले होते, "अगं, माझ्या पायांची नखे काढून देशील का? मला आता वाकवत नाही." मी "हो, बघते" म्हणाले, आणि ते वहीत लिहिलेसुद्धा नव्हते.

प्रवचनात धन्य राणी मारिया या कॅथलिक धर्मभगिनीचेही उदाहरण आले. 25 फेब्रुवारी 1995 रोजी इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये त्यांची हत्या झाली, आणि पुढे त्यांच्या सख्ख्या बहिणीने मारेकऱ्याला क्षमा करून राखी बांधली. 4 नोव्हेंबर 2017 रोजी त्यांना धन्य, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवरची व्यक्ती, घोषित करण्याचा सोहळा इंदूरमध्येच झाला. आम्ही कॅथलिक नाही, तरी हे ऐकताना दरवेळी डोळे भरून येतात. मात्र अशा उदाहरणांची मला एक सोयही वाटते, हे कबूल केले पाहिजे: तेवढे आपल्याच्याने होणार नाही, असे म्हणून डोळे पुसले की काकूंचा जिना सहज विसरता येतो.

दुपारी चार वाजता गेले. काकूंनी पाय घमेल्यातल्या कोमट पाण्यात बुडवले आणि पाणी फार गरम असल्याची तक्रार केली; थंड ओतले, तर आता गारच झाले म्हणाल्या. अंगठ्याचे नख इतके जाड आणि आत वळलेले होते की नेलकटरच्या जबड्यात ते मावेना, म्हणून लहान कात्रीने कडेकडेने कापत जावे लागले. येशूने शिष्यांचे पाय धुतल्याचा प्रसंग तेव्हा आठवला, असे लिहिण्याचा मोह होतो आहे. पण खरे म्हणजे माझे सारे लक्ष रक्त येऊ नये याकडेच होते. सव्वा तास गेला. त्यातला निम्मा वेळ काकू आपल्या सुनेविषयी बोलत होत्या आणि मला उठायची घाई झाली होती, हेही लिहून ठेवते.

घरी येऊन वहीतले एक काम कमी केले. भगिनी मंडळाच्या हिशेबाचे रजिस्टर उद्या मंडळातल्या तरुण मुलीकडे द्यायचे आहे. तिने ते दोनदा मागितले होते, आणि माझ्यावाचून जमाखर्च जुळायचा नाही या समजुतीने मी ते सोडत नव्हते.