लाकडी तळघर आणि पावसाळ्यातली हवा

लाकडी भिंतींच्या तळघराचा विषय निघाला की आमच्या यवतमाळकडच्या काळ्या मातीच्या भागात पहिली शंका उधईची येते आणि दुसरी पाण्याची. दोन्ही रास्त आहेत. मात्र आमच्या जुन्या घराच्या सागवानी फळ्या लावलेल्या तळघरात आर्द्रतामापक टांगून सर्व ऋतूंतले आकडे पाहिल्यावर माझे ठाम मत झाले आहे, की बाहेरचे पाणी नीट अडवलेले असेल, तर अशा तळघराचे सर्वांत जास्त नुकसान पावसाळ्यात आपण स्वतःहून आत घेतलेली हवा करते.

जमिनीत दीड-दोन फुटांखाली दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक जवळजवळ संपतो आणि त्याहून खोल गेल्यास मातीचे तापमान त्या ठिकाणच्या वार्षिक सरासरीकडे झुकते. विदर्भात ही सरासरी साधारण 27 अंश सेल्सिअस आहे. म्हणूनच बाहेर 45 अंशांचे ऊन असताना तळघरात उतरल्यावर जिवाला बरे वाटते. मे महिन्यातली हवा इतकी कोरडी असते, की तळघरातही लाकडातला ओलावा सहा-सात टक्क्यांवर येतो आणि फळ्यांच्या सांध्यांत फटी पडतात. या फटी पाहून घरातली मंडळी हळहळतात, पण त्यात चिंतेचे काही नाही. सागवान मुळात कमी आकसते आणि सुकलेले लाकूड कुजत नाही.

चिंता करायची ती जुलै-ऑगस्टमध्ये. त्या दिवसांत आपल्याकडच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे हवा निवून दव धरू लागते ते तापमान, 24 अंशांच्या आसपास असतो. ही हवा तळघरात शिरून 26 अंशांपर्यंत निवली, तर तिची सापेक्ष आर्द्रता 89 टक्क्यांच्या घरात जाते. भिंतीवर थेंब धरत नाहीत, त्यामुळे सारे ठीक आहे असे वाटते. परंतु बुरशी धरायला 80 टक्क्यांच्या वरची आर्द्रता टिकून राहिली तरी पुरते आणि लाकूड हळूहळू 18 ते 20 टक्के ओलावा शोषून घेते. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला याहून बरीच अधिक, 28-30 टक्क्यांच्या आसपासची ओल लागते, तरी 20 टक्के ही मर्यादा सावधगिरी म्हणून पाळली जाते. त्यातही काँक्रीटच्या मानाने लाकडातून उष्णता सुमारे दहापट हळू वाहते, त्यामुळे फळीचा दर्शनी भाग खोलीइतका उबदार आणि तिची मातीकडची पाठ गार राहते. आमच्याकडची एक फळी काढली, तेव्हा समोरून ती स्वच्छ, पॉलिश केल्यासारखी होती. पाठीवर मात्र राखाडी बुरशीची साय आणि प्रत्येक लोखंडी खिळ्याभोवती काळे कडे होते.

अमेरिका आणि कॅनडात 1960च्या दशकापासून रसायन मुरवलेल्या लाकडाचे पाये आणि तळघरे बांधली जातात. खाली गिट्टीचा थर, त्यावर लाकडी चौकट, तिला बाहेरून प्लायवूड आणि प्लायवूडवर मातीच्या बाजूने पॉलिथिन, अशी ती रचना असते. तिथल्या कडक हिवाळ्यात घरातली उबदार वाफ गार भिंतीत शिरते, म्हणून आतल्या बाजूनेही वाफ अडवणारे प्लास्टिक लावतात. ही दुसरी गोष्ट इथे उचलणे मला चुकीचे वाटते. आपल्या भिंतीत वाफ येते ती मुख्यतः मातीकडून. आतून प्लास्टिक लावले, तर ती फळीच्या पाठीशीच कोंडते. विदर्भात प्लास्टिक मातीच्या बाजूलाच असावे आणि आतली फळी मोकळी, ऑइलपेंट न चढवलेली असावी.

काळ्या मातीची गोष्ट वेगळीच आहे. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात ती फुगून भिंत रेटते आणि पाणी धरून ठेवते. त्यामुळे लाकडी भिंतीला ती कधीही भिडू देऊ नये. मधे गिट्टी आणि मुरूम भरावा, वरून बाहेरच्या बाजूला उतार द्यावा. खांबांखाली दगडी तळखडे ठेवण्याची जुन्या सुतारांची पद्धत याच विचाराची होती, आणि नव्या बांधकामात ती सोडण्याचे काहीच कारण नाही.

“हवा खेळती राहू द्या” हा सल्ला आमचे मोठे बाबा देत, आणि वरच्या माळ्यासाठी तो अगदी बरोबर होता. तळघरासाठी मात्र पावसाळा लागला की दार आणि झरोके घट्ट बंद करावेत, ओले पोते किंवा नुकतीच काढलेली शेंग आत ठेवू नये, आणि दिवाळीनंतर रात्रीची हवा कोरडी झाली की सगळे उघडावे. उन्हाळ्यात दिवसा बंद आणि रात्री उघडे, हा क्रम लाकडालाही मानवतो आणि गारवाही टिकवतो. मातीकडून ओल झिरपत असेल, तर बंद दारामागे ती साठतच जाईल. अशा तळघरात आधी बाहेरचा निचरा करावा, मग दाराचा विचार. ओलावा मोजण्याचे पिनांचे मीटर घेतले असेल, तर ते फळीच्या मधोमध न लावता सर्वांत खालच्या फळीच्या बुडाशी, उत्तरेकडच्या कोपऱ्यात लावून पाहावे. आमच्याकडे पहिली वाढ तिथेच दिसते.