उजव्या रॅकवरचा पिंजरा

उंदराचं लहान आतडं बाहेर काढलं की आधी त्यावरची चरबी सोडवायची. ती राहिली तर पुढे पेशींच्या गुठळ्या होतात आणि दिवसभराची मेहनत पाण्यात जाते. मग बाहेरच्या अंगाला तांदळाच्या कणीएवढे पांढुरके उंचवटे दिसतात. ते पायर पॅचेस, म्हणजे प्रतिकारपेशींचे स्वतंत्र अड्डे. आम्हाला हव्या असतात त्या अस्तराच्या आत विखुरलेल्या पेशी, म्हणून हे उंचवटे कात्रीने उडवायचे, एकही विसरायचा नाही. त्यानंतर आतडं उभं चिरायचं, धुवायचं, तुकडे करायचे, ईडीटीएच्या द्रावणात हलवून वरचा थर सोडवायचा, उरलेलं कोलॅजिनेज या एन्झाइममध्ये ३७ अंशांवर विरघळवायचं, जाळीतून गाळायचं आणि परकॉल या जड द्रावणाच्या दोन थरांवर सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं. सगळं नीट जमलं तर दोन थरांच्या मध्ये एक पुसट पांढरी कडी दिसते. एका उंदरामागे हाती लागतं ते एवढंच.

मी पुण्यातल्या एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत फ्लो सायटोमीटर सांभाळतो. पेशी एकेक करून लेझरसमोरून सोडायच्या, त्यांना लावलेल्या रंगांचा उजेड मोजायचा आणि कुठल्या प्रकारच्या किती ते सांगायचं, हे माझं काम. प्रयोगात माझं यंत्र शेवटी येतं. त्यामुळे बातमी चांगली असो की वाईट, पहिल्यांदा मलाच दिसते.

प्रयोग आमच्याकडे पीएच.डी. करणाऱ्या मुलीचा होता. ती सोलापूरकडची, घरी ज्वारीची शेती. आपल्याकडे बऱ्याच लोकांच्या आतड्यात प्रीव्होटेला नावाचे जिवाणू भरपूर सापडतात, आणि धान्य-कडधान्याच्या आहाराशी त्याचा संबंध लावला जातो. आतड्यातले जिवाणू कोंड्यातला तंतू आंबवतात. त्यातून ब्यूटिरेटसारखी लहान आम्लं तयार होतात आणि ती प्रतिकारपेशींना आवर घालायला मदत करतात, हे २०१३च्या सुमारास उंदरांवरच्या कामातून पुढे आलं होतं. तिला बघायचं होतं की ज्वारीच्या कोंड्याने उंदराच्या आतड्यातल्या टीएच-१७ पेशींवर काय परिणाम होतो. या पेशी जंतूंशी लढायला लागतात, पण त्यांचा जोर वाढला की आतड्याला सूज येते. उंदरांच्या एका गटाला कोंड्याचं खाद्य, दुसऱ्याला साधं. एथिक्स कमिटीची मंजुरी मिळवण्यातच एक सत्र गेलं होतं.

आता उंदरांबद्दल. आमच्या प्राणिगृहाच्या मागे एक मोकळं मैदान आहे. पावसाळ्यात तिथे ढोलपथकाचा सराव चालतो. पथकातली पोरं चांगली आहेत, पण उंदरीण व्याली असताना सतत दणका कानावर पडला तर ती पिल्लांना सोडते, कधी खाऊनही टाकते. त्या वर्षी तसंच झालं. प्राणिगृह सांभाळणारे मामा स्वतः जाऊन पथकप्रमुखाला भेटले, चहा घेऊन आले, आणि सरावाची वेळ अर्ध्या तासाने पुढे गेली. उंदरांना त्या अर्ध्या तासाने काय फरक पडणार? घरची पैदास कमी पडली. मग उरलेले नर दुसऱ्या शहरातल्या एका केंद्रातून मागवले. तीच सी-५७ ब्लॅक सिक्स जात, तेच वय, कागदोपत्री तंतोतंत जुळे.

मामांबद्दल थोडं सांगायला हवं. वय पन्नाशीच्या पुढे, शिक्षण दहावी, नोकरी कंत्राटी. अकरा महिन्यांनी एक दिवसाचा खंड पाडून पुन्हा नेमणूक. (हा एक दिवसाचा खंड कोणाच्या सुपीक डोक्यातून निघाला कोण जाणे. त्या दिवशी उंदीर उपास करत नाहीत, त्यामुळे मामा येतातच.) सकाळी सातला हजर. अंगाला अत्तर नाही, डोक्याला वासाचं तेल नाही, तंबाखू कधीच सोडलेली. २०१४ साली एक शोधनिबंध आला होता की पुरुषांच्या वासानेच उंदरांवर ताण येतो, बायकांच्या वासाने तसा येत नाही. आमच्या प्रयोगशाळाप्रमुख मॅडमनी तो लॅब मीटिंगमध्ये समजावून सांगितला. मामा मागे उभे राहून ऐकत होते. म्हणाले, “म्हणजे मॅडम, आता माझ्या जागी मावशींना नेमणार का?” मावशी म्हणजे ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेवर सामान निर्जंतुक करायचं यंत्र, चालवणाऱ्या. त्यांनी लगेच सांगून टाकलं की उंदीर बघितला की त्यांच्या पोटात गोळा येतो.

तर त्या दिवशी सकाळी सहापासून कात्र्या चालू होत्या. दुपारी पेशींना चार तास चेतवण्यासाठी ठेवलं, मग रंग लावले, आणि संध्याकाळी सातच्या पुढे नळ्या माझ्या टेबलावर आल्या. पहिली नळी उजव्या रॅकवरच्या, साध्या खाद्याच्या उंदराची. पडद्यावर आयएल-१७च्या, म्हणजे टीएच-१७ पेशी जो रेणू सोडतात त्याच्या, चौकोनात ठिपक्यांची दाट गर्दी. दुसरी, तिसरी तशीच. मग डाव्या रॅकवरच्या, कोंडा खाल्लेल्या उंदरांच्या नळ्या लावल्या. चौकोन जवळजवळ रिकामा. ओळीने प्रत्येक नळीत तेच. मुलगी माझ्या खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. ती काही बोलेना, मग एकदम म्हणाली, “दादा, पुन्हा लावा ना.” पुन्हा लावली. तेच.

तिने मॅडमना मेसेज टाकायला फोन काढला. तोवर मी उरलेल्या नळ्या चालवत होतो, आणि त्यात एक पिंजरा विचित्र निघाला. उजव्याच रॅकवरचा, साधंच खाद्य खाणारा, आणि तरी चौकोन रिकामा. त्या पिंजऱ्यातला एकूणएक उंदीर तसाच.

“रंग लावायचा राहिला असेल,” ती म्हणाली. पण सीडी-४चा, म्हणजे या पेशींच्या अंगावरच्या खुणेचा, रंग होता, इतर सगळे होते. त्याच मिश्रणातून सगळ्या नळ्या भरल्या होत्या.

मॅडम आठच्या सुमारास वर आल्या. त्यांची एक सवय आहे: निकाल जितका देखणा, तितका त्यांचा चेहरा ओढलेला. सरासरी वगैरे काही विचारलं नाही. त्या विचित्र पिंजऱ्याच्या नळ्या एकेक करून उघडायला लावल्या, दोन्ही हात टेबलावर टेकून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “हे उंदीर कुठले?”

संगणकावरच्या तक्त्यात जात, लिंग, वय, वजन, खाद्य, पिंजरा क्रमांक सगळं होतं. कुठले, हा रकानाच नव्हता.

त्यांनी असं का विचारलं ते कळायला जरा मागे जावं लागतं. न्यूयॉर्कमध्ये डॅन लिटमन यांच्या प्रयोगशाळेत इव्हायलो इव्हानोव्ह यांना असंच काहीसं दिसलं होतं. एकाच जातीचे उंदीर, दोन पुरवठादारांकडचे, पण जॅक्सनकडून आणलेल्यांच्या लहान आतड्यात टीएच-१७ पेशी अगदी कमी, आणि टॅकॉनिककडून आणलेल्यांत भरपूर. दोघांना एका पिंजऱ्यात ठेवलं की कमी असलेल्यांतही त्या वाढायच्या. उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात, त्यामुळे एका पिंजऱ्यातल्यांचे जिवाणू हळूहळू सारखे होतात. शोध घेताघेता कारण सापडलं ते एकाच जिवाणूत, सेगमेंटेड फिलॅमेंटस बॅक्टेरिया, आमच्या बोलण्यात एसएफबी. लांब धाग्यासारखा, लहान आतड्याच्या शेवटच्या भागात अस्तराला चिकटून राहणारा. तो निबंध २००९चा. हा जिवाणू नुसत्या खाद्यद्रावणात वाढत नाही. त्याला यजमानाच्या पेशींसोबत प्रयोगशाळेत वाढवायला २०१५ उजाडलं. आमच्या क्षेत्रात ही गोष्ट प्रत्येकाला पाठ असते, आणि तरी ज्वारीचा कोंडा डोक्यात असला की ती आठवत नाही.

मॅडमनी मामांना फोन लावला, स्पीकरवर.

“मामा, जेवण झालं का?”

“बसतोय आत्ता. बोला मॅडम.”

“उजव्या रॅकवर खालून दुसऱ्या ओळीत कडेचा पिंजरा. तो घरचा की बाहेरचा?”

मामांनी क्षणभरही विचार केला नाही. “बाहेरचा. डाव्या रॅकवर जागा नव्हती म्हणून तिकडं ठेवला. बाकी बाहेरचे सगळे डावीकडं, घरचे उजवीकडं. वहीत लिहिलंय.”

मुलगी खाली बसली, सरळ जमिनीवर.

खाद्य सांडून मिसळू नये म्हणून एका रॅकला कोंडा आणि दुसऱ्याला साधं, असं बैठकीत ठरलं होतं, आणि त्या कारणात खोट नव्हती. प्रौढ नर एकत्र केले तर रक्त निघेपर्यंत भांडतात, म्हणून मामांनी घरचे आणि बाहेरचे वेगळे ठेवले होते, तेही बरोबर. दोन बरोबर गोष्टी एकमेकींवर बसल्या आणि कोंडा खाणारे म्हणजे बाहेरचे, असं होऊन गेलं. जागेअभावी तो एक पिंजरा उजवीकडे गेला नसता, तर आम्ही ज्वारीचे गुण गात परिषदेला गेलो असतो.

पण तरी एक शंका उरत होती. कदाचित एसएफबी आधी सगळ्यांत असेल आणि कोंड्यानेच तो घालवला असेल. मग कोंड्याचं श्रेय कायम राहतं. मुलीने ती लगेच मांडली, जमिनीवर बसूनच. तिच्या या चिवटपणाचं मला कौतुक वाटतं. यावर फोनमधून मामा म्हणाले, “आल्या दिवशीच्या लेंड्या आहेत ना. डीप फ्रीजर, तिसरा कप्पा, निळा डबा.”

कोणी सांगितलं नव्हतं. बाहेरून आलेला प्राणी उद्या आजारी पडला तर काय घेऊन आला होता ते बघता यावं, म्हणून मामा नवीन तुकडी आली की प्रत्येक उंदराला रिकाम्या डब्यात उभं करतात. उंदीर घाबरला की दोन मिनिटांत लेंड्या टाकतो. चिमट्याने उचलून नळीत, नळी बर्फात. त्याच दिवशी घरच्यांच्याही घेतात, जोडीला. निळ्या डब्यात उणे ८० अंशांवर सगळ्या ओळीने होत्या, मराठी आकड्यांत क्रमांक टाकलेल्या.

मॅडम घरी जा म्हणाल्या. कोण जातं? हॉस्टेलच्या मेसमधून डबे आले. तिने लेंड्यांतून डीएनए काढला, एसएफबीचा प्रायमर, म्हणजे फक्त त्याचाच डीएनए हेरणारा तुकडा, आमच्याकडे होताच. जोडीला सगळ्याच जिवाणूंना लागू पडणारा प्रायमर, म्हणजे डीएनए निघालाच नाही अशी पळवाट राहू नये. रात्री साडेबाराच्या पुढे क्यूपीसीआरच्या, म्हणजे हेरलेला डीएनए किती ते मोजणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर रेषा चढायला लागल्या. घरच्या उंदरांच्या लवकर चढल्या, म्हणजे एसएफबी भरपूर. बाहेरच्यांच्या सपाट राहिल्या, कोंडा तोंडाला लागण्याआधीच्या नमुन्यांतही सपाट. आणि उजव्या रॅकवरच्या त्या पिंजऱ्याच्याही.

मला आश्चर्य वेगळ्याच गोष्टीचं वाटलं. दोन महिने एकाच खोलीत राहून बाहेरच्यांना एसएफबी लागला कसा नाही? सकाळी मामांना विचारलं. ते रोज आधी बाहेरच्यांचे पिंजरे करत, मग हातमोजे बदलून घरच्यांचे. उजवीकडचा तो एक पिंजराही डावीकडच्यांसोबतच. “नवीन पाव्हणं असतं, आपल्याकडचं काही त्यांना लागू नये,” एवढंच कारण. ही काळजी घेतली नसती तर हळूहळू दोन्ही बाजू सरमिसळ झाल्या असत्या, आकडे अस्ताव्यस्त आले असते, आणि कशाने काय झालं ते आम्हाला कधीच सुटलं नसतं.

मुलगी दोन दिवस लॅबमध्ये फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी आली ती नवा आराखडा घेऊनच. आता चार गट होते: एसएफबी असलेले आणि नसलेले, दोन्हींत कोंडा खाणारे आणि न खाणारे, सगळे एकाच पैदाशीचे. दूध तुटलेल्या पिल्लांच्या पिंजऱ्यात एसएफबी असलेल्या उंदरांचा वापरलेला भुसा टाकून जिवाणू पोचवायचं काम मामांकडे, कुठल्या पिंजऱ्यात कधी किती, त्याचा तक्ताही त्यांनीच आखला. निकाल पहिल्याइतका देखणा आला नाही. कोंड्याचा परिणाम आहे, पण थोडा, आणि एसएफबी असेल तरच दिसतो. परीक्षकांना समजावताना तिला घाम फुटेल, पण तो टिकेल असं मॅडमचं मत आहे, आणि मॅडम असं सहसा म्हणत नाहीत.

तक्त्यात आता ‘कुठले’ हा रकाना आहे. प्राण्यांच्या खरेदीच्या फाइलवर प्राणिगृहाची सही हवी असाही नियम मॅडमनी करून घेतला. पहिल्याच फाइलवर कार्यालयाने शेरा मारून ती परत पाठवली: कंत्राटी कर्मचाऱ्याची सही ग्राह्य धरता येत नाही. आता मामा पेन्सिलीने लिहितात, मॅडम त्यावर शाईने सही करतात, आणि फाइल पुढे सरकते.