वेळापत्रक वाईट आठवड्याचं करा

सीएफए म्हणजे गुंतवणूक क्षेत्रातली तीन लेव्हलची परीक्षा. तिच्या एका लेव्हलला साधारण ३०० तास अभ्यास लागतो, असं परीक्षा घेणारी सीएफए इन्स्टिट्यूटच सांगते. हा आकडा सांगलीत पोचला की त्याचं काय होतं, ते मला मावसभावामुळे कळलं. तो बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विश्रामबागेतल्या एका अभ्यासिकेत महिन्याचे पैसे भरून खुर्ची धरून बसलाय. फोनवर म्हणाला, "ताई, तीनशे म्हणजे काय गं, रोज धा तास बसलो तर महिन्यात उरकतंय की!"

भागाकार बरोबर आहे. पण आपल्याकडे अभ्यास मोजतात तो बसण्यात. "पोरगं सकाळी सातला जातंय ते रात्री दहालाच येतंय," असं मावशी शेजारणीला कौतुकानं सांगते. त्या पंधरा तासांत दोनदा घरी जेवायला येणं असतं, चार वेळा टपरीवर चहा असतो, एमपीएससीवाल्या मित्रांबरोबर जागा कधी निघणार यावर चर्चा असते, आणि मोबाइल तर असतोच. पदरात पडलेला अभ्यास किती, हे कुणी विचारत नाही, कारण विचारणं म्हणजे संशय घेतल्यासारखं होतं.

इथे डब्लिनमध्ये मी फंड अकाउंटिंगमध्ये काम करते. लिफी नदीकाठच्या जुन्या गोदीवर १९८७ साली सरकारनं आर्थिक सेवांचं केंद्र उभं केलं, तेव्हापासून जगभरच्या फंडांचे हिशोब या शहरात होतात. त्यामुळे आमच्या मजल्यावर कुणी ना कुणी कसली तरी परीक्षा देतच असतं. सीएफए, अकाउंटंटची एसीसीए, टॅक्सची. पण पूर्णवेळ विद्यार्थी एकही नाही. एकजण लोकलमध्ये येता-जाता प्रश्न सोडवतो. एकजण सकाळी सहाला ऑफिसात येते, मजला रिकामा असताना दीड तास वाचते, आणि साडेसातला कॉफी घेऊन कामाला लागते. घरी कुणी टीव्हीचा आवाज कमी करत नाही, कुणी "यंदा त्याची परीक्षा आहे, लग्नाला येणार नाही" असं जाहीर करत नाही. पास झाल्यावर केक येतो, तेव्हा बाकीच्यांना समजतं की हा परीक्षेला बसला होता.

यातली कुठली पद्धत चांगली, या वादात मला पडायचं नाही. सांगलीसारखं आयतं ताट इथे कुणी वाढलं तर मी नाही म्हणणार नाही. पण नोकरी करून अभ्यास करणाऱ्या या मंडळींची एक गोष्ट मला पटली, तेवढीच मावसभावाच्या गळी उतरवायचा प्रयत्न चाललाय: वेळापत्रक चांगल्या आठवड्याचं करायचं नाही, वाईट आठवड्याचं करायचं.

आमच्याकडे महिनाअखेर म्हणजे वाईट आठवडा. तिमाही संपली की त्याहून वाईट. फंडाची एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, वेळेत जायलाच लागते, वर ऑडिटरचे प्रश्न. त्या आठवड्यात संध्याकाळी पुस्तक उघडलं तरी एक पान तीनदा वाचावं लागतं. म्हणून हे आठवडे आधीच कॅलेंडरवरून खोडून टाकायचे, आणि उरलेल्यांचंच गणित मांडायचं. मावसभावाला मी तसं मांडून दिलं. परीक्षेला २६ आठवडे आहेत असं धर. शेवटचे ४ फक्त उजळणी आणि मॉक पेपरचे. राहिले २२. त्यातले ४ गेलेच समज. कॉलेजची परीक्षा, घरातलं लग्न, एखादा ताप. उरले १८. तीनशेतले ८० तास शेवटच्या चार आठवड्यांना ठेवले तर राहिलेले २२० तास या अठरांत बसवायचे, म्हणजे आठवड्याला सव्वाबारा तासांच्या आसपास. सोमवार ते शुक्रवार रोज दीड तास, शनिवारी तीन, रविवारी दोन. साडेबारा झाले.

"एवढंच?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात चक्क निराशा होती.

एवढंच, पण हे साडेबारा तास घड्याळ लावून मोजलेले, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. आणि ते दर आठवड्याला. पहिल्या आठवड्यात चाळीस तास करून पुढचे दोन आठवडे पुस्तकाकडे न बघणाऱ्याला शेवटी सुरुवातीचं काहीच आठवत नाही, कारण विषय दहा आहेत आणि पहिला वाचल्यावर त्याची पुन्हा भेट व्हायला महिने जातात. म्हणून शनिवारच्या तीन तासांतला एक तास मागच्या विषयांच्या प्रश्नांना. नवीन वाचन नाही, टिपणं नाही, नुसते प्रश्न.

वेळ कुठली, हाही प्रश्न आहेच. डब्लिनमध्ये जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या जरा आधी मावळतो. नऊ वाजता बाहेर सांगलीतल्या साडेपाचसारखं ऊन असतं, कालव्याच्या काठावर सगळं ऑफिस गप्पा मारत बसलेलं दिसतं, आणि आपण घरात बॉण्डचं ड्युरेशन काढत असतो. डिसेंबरमध्ये चार वाजून गेले की अंधार. मला तो अंधार अभ्यासाला बरा वाटतो. बाहेर जाण्यासारखं काही नसतं. पहिल्या लेव्हलची परीक्षा फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर अशी वर्षातून चारदा होते, आणि इथे राहणाऱ्याला मी तरी फेब्रुवारीच सुचवेन.

सकाळचा तास मात्र बारा महिने चांगला. त्यात अडचण एकच होती, आईची. उन्हाळ्यात आपल्या आणि इथल्या घड्याळात साडेचार तासांचं अंतर असतं. माझे सकाळचे सहा म्हणजे तिचे साडेदहा. स्वयंपाक उरकलेला, ओटा पुसून झालेला, फोन हातात. न उचलावा तर काळजी करणार, उचलावा तर हरभट रोडवर कुणाचं दुकान बंद झालं इथपासून सुरुवात. शेवटी तो फोन मी वेळापत्रकातच घातला, दुपारी एकच्या जेवणाच्या सुट्टीत. तिकडे साडेपाच, तिचा चहा. दोघींची सोय झाली. घरच्या माणसांना वेळापत्रकाबाहेर ठेवलं की ती आत घुसतात, त्यापेक्षा त्यांना जागा दिलेली बरी.

आता विषयांचं. सगळ्या विषयांना सारखा वेळ वाटून देणं हा कॉमर्सवाल्यांचा आवडता घोळ. इन्स्टिट्यूट प्रत्येक विषयाचं वजन आधीच जाहीर करते. एथिक्सला १५ ते २० टक्के, म्हणजे सगळ्यात जास्त. फायनान्शियल स्टेटमेंट, इक्विटी (शेअर) आणि फिक्स्ड इन्कम (बॉण्ड) यांना प्रत्येकी ११ ते १४. डेरिव्हेटिव्ह्जना, म्हणजे वायदे वगैरेंना, ५ ते ८ फक्त. आणि नेमक्या डेरिव्हेटिव्ह्जमध्ये सांगलीचा माणूस रमतो! काकांची मार्केट यार्डात अडत आहे. हळदीचा सौदा, आजचा भाव, पुढचा भाव हे मावसभावानं लहानपणापासून ऐकलंय. देशभरचे ऑनलाइन वायदेबाजार सुरू व्हायच्या आधीही सांगलीत हळदीच्या वायद्यांचं स्वतःचं एक्स्चेंज होतं. त्यानं पहिल्या झटक्यात फॉरवर्ड, फ्युचर, ऑप्शन सगळं वाचून काढलं आणि काकांशी संध्याकाळभर हेजिंगवर, म्हणजे भावाच्या चढउतारापासून बचाव कसा करायचा यावर, वाद घातला. छान झालं. पण ते मार्क थोडे आहेत, आणि एथिक्सला त्यानं अजून हात लावलेला नाही, कारण "ते वाचलं की येतंय."

ते वाचलं की येत नाही. चारित्र्य चांगलं असलं की झालं, असा तो पेपर नसतो. दोन पर्याय बरे दिसतात आणि त्यातला एकच नियमात बसतो. एथिक्स दोनदा करायचं, एकदा मध्यावर आणि एकदा शेवटच्या पंधरा दिवसांत. अकाउंट्सचंही तसंच. बी.कॉम.च्या पोराला वाटतं, हे तर आपलंच घर. मग लिफो येतं, म्हणजे शेवटी आलेला माल आधी विकला गेला असं धरायचं. आपल्याकडच्या इंड-एएस आणि आंतरराष्ट्रीय आयएफआरएस या हिशोबाच्या नियमांत साठ्याचं मूल्य लिफोनं काढायला परवानगीच नाही, अमेरिकेच्या नियमांत आहे, आणि परीक्षेत दोन्हींची तुलना विचारतात. जे येतं असं वाटतं त्यालाच तास कमी दिले जातात, आणि मार्क तिथेच जातात.

कॅल्क्युलेटरला मात्र कुणीच तास देत नाही. परीक्षेत दोनच चालतात: टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा बीए टू प्लस, नाहीतर एचपी ट्वेल्व्ह सी, किंवा त्यांच्याच पुढच्या आवृत्त्या. बीए टू प्लस नवा कोरा हातात घेऊन २ + ३ × ४ दाबा. उत्तर २० येतं. यंत्र बिघडलेलं नाही, ते आकडे ज्या क्रमानं येतील त्याच क्रमानं हिशोब करतं. सेटिंगमध्ये जाऊन एओएस पद्धत निवडली की १४ येतात. हप्ता वर्षाच्या सुरुवातीला की अखेरीला, याचंही एक बटण आहे. ते एकदा दाबलेलं राहिलं की पुढची सगळी उत्तरं थोडीथोडी चुकतात, आणि चुकलेली उत्तरं पर्यायांत हजर असतात, पेपर काढणारे तेवढे हुशार आहेत. पहिल्या आठवड्यातले दोन तास फक्त यंत्राला द्या. १८० प्रश्न, साडेचार तास, म्हणजे प्रश्नामागे ९० सेकंद. तिथे बटण शोधत बसायला वेळ नसतो. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न सोडून यायचा नाही.

मावसभावाचा बेत ऑगस्टचा होता. मी नको म्हटलं, आणि कारण अभ्यासाचं नव्हतं, कृष्णेचं होतं. सांगलीत परीक्षेचं केंद्र नाही, जायचं पुण्या-मुंबईला. जुलैच्या शेवटापासून सांगलीचं अर्धं लक्ष आयर्विन पुलाजवळच्या पाण्याच्या पातळीवर असतं. चाळीस फुटांवर इशारा, पंचेचाळीसला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. ज्याच्या आजीचं घर गावभागात आहे, तो पोरगा पाणी चढताना सामान वरच्या मजल्यावर न्यायला जाईल की मॉक पेपर सोडवेल? जाईलच, आणि जायलाच हवं. वाईट आठवडा कधी येणार हे जिथे वर्षानुवर्षं माहीत आहे, तिथे त्याच आठवड्यात परीक्षा कशाला द्यायची? ज्यांना ऑगस्टशिवाय गत्यंतर नाही त्यांनी चार दिवस आधीच पुण्याला नातेवाइकांकडे जाऊन राहावं, हायवेवरच्या पेठ नाक्यापर्यंतचा रस्ता चालू आहे का हे सकाळी उठून बघण्यापेक्षा.

त्यानं आता नोव्हेंबर धरलाय. दिवाळी अलीकडे येवो की पलीकडे, तो आठवडा खोडलाय. पास व्हायला किती मार्क लागतील हे संस्था आधी सांगत नाही, आणि पहिल्या लेव्हलला सहसा निम्म्याहून जास्त जण नापास होतात; २०२१ च्या जुलैत तर पास होणारे २२ टक्केच होते. हे काकांना सांगितल्यावर ते म्हणाले, "मग दोनदा बसंल, काय बिघडतंय," आणि मला हायसं वाटलं, कारण घरचा असा माणूस सगळ्यांच्या नशिबी नसतो.

मॉक पेपर कसा द्यायचा, यावरून मात्र आमचं अजून जमलेलं नाही. त्याचं म्हणणं, अभ्यासिकेत दिला की झालं. माझं म्हणणं, घरी, कॉम्प्युटरवर, दोन भाग सव्वादोन-सव्वादोन तासांचे, मध्ये अर्ध्या तासाची सुट्टी, आणि खऱ्या परीक्षेला जी वेळ मिळेल त्याच वेळेला. अभ्यासिकेत सगळे गप्प बसतात. केंद्रावर शेजारचा माणूस भलत्याच परीक्षेला बसून खडाखडा टाइप करत असतो. सध्या तोडगा असा निघालाय की पहिला मॉक रविवारी घरी, दिवाणखान्यात. मावशीनं त्या दिवशीच्या पाहुण्यांना दुपारी चारनंतर यायला सांगितलंय, आणि वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंच्या पोराला मुद्दाम अंगणात क्रिकेट खेळायला परवानगी दिलीय.