धुराडं नसलेली आगबोट

लहानपणी आमच्या लेखी आगबोट म्हणजे आधी धुराडं आणि मग उरलेली बोट. भाऊच्या धक्क्यावरून कोकणात जाणारी बोट चित्रात काढायची, तर पहिलं काढायचं मधोमध एक जाडजूड धुराडं आणि त्यातून निघणारा वळवळता काळा धूर. म्हणून रॉटरडॅमच्या वॉटर टॅक्सीतून ‘एस. एस. रॉटरडॅम’ समोर आली तेव्हा माझी नजर सवयीने तेच शोधायला लागली. मधोमध काहीच नाही. पार मागच्या बाजूला, शेजारी शेजारी खोचलेल्या दोन उदबत्त्यांसारख्या बारीक नळ्या, बस्स.

“हेच दाखवायला आणलंय तुला, मावशी,” भाचा म्हणाला. तो जवळच डेल्फ्टला जहाजबांधणी शिकतो. त्यामुळे या सहलीत फोटो कमी आणि व्याख्यानं जास्त होणार, हे मी आधीच गृहीत धरलं होतं.

बोट १९५९ सालची. २२८ मीटर लांब, याच शहरात बांधलेली. आधी अटलांटिकच्या फेऱ्या, मग बरीच वर्षं नुसत्या क्रूझ, आणि २००८ पासून इथेच कायमची नांगरलेली. आता ती हॉटेल आहे. मधल्या काळात अंगावर चढवलेला गडद निळा रंग काढून तिला मूळचा राखाडी परत दिलाय. तो तिला शोभतो.

आत शिरल्यावर मी सगळ्यात जास्त रेंगाळले ती जिन्यापाशी. एकाच जागेत एकमेकांत गुंफलेले दोन जिने. एकावरून पहिल्या वर्गाचे प्रवासी जायचे, दुसऱ्यावरून टुरिस्ट वर्गाचे, आणि दोघं एकमेकांच्या समोर येतच नसत. क्रूझच्या वेळी मधल्या सरकत्या भिंती बाजूला केल्या की सगळी बोट एकाच वर्गाची. कठड्यावर हात ठेवून मी एकातून वर गेले, दुसऱ्यातून खाली आले. भाच्याला या चातुर्याचं फार कौतुक. मला नव्हतं. पुढचा दरवाजा कोणाचा आणि मागचा कोणाचा, हे आपल्याकडच्या वाड्यांना डच इंजिनिअरांनी शिकवायची गरज नव्हती.

पण ही रचना जमली कशी, तर इंजिनं मागे नेल्यामुळे. जुन्या बोटीत बॉयलर मध्यभागी, म्हणजे त्यांच्या धुराचे बोगदे दिवाणखाने, जेवणघरं फोडत सरळ वर जाणार. ते मागे सरकवले की मधली सगळी जागा मोकळी, वरचा डेक उन्हात बसणाऱ्यांचा, आणि काजळी लोकांच्या डोक्यावर न पडता मागच्या मागे जाते. असं करणारी ही पहिली नव्हे. इंग्रजांच्या ‘सदर्न क्रॉस’ने १९५५ मध्येच हे केलं होतं. त्याही आधी, १९३५ च्या फ्रेंच ‘नॉर्मंडी’त धुराचा बोगदा दोन भागांत विभागून बोटीच्या दोन कडांनी वर नेला होता, म्हणून तिची दालनं एकापुढे एक सरळ रेषेत दिसायची. आजच्या क्रूझवर मधोमध पोहण्याचा तलाव आणि आत दुकानांचा बाजार असतो, त्याचं मूळ हे.

वरच्या डेकवर आलो आणि पाऊस आडवा सुरू झाला. तिथेच भाच्याने नॉर्मन बेल गेडिसची गोष्ट काढली. हा अमेरिकन माणूस मुळात रंगभूमीचा नेपथ्यकार. १९३२ मध्ये त्याने भविष्यातल्या बोटीचा आराखडा छापला: पाण्याच्या थेंबासारखा आकार, वरचे सगळे मजले एका गुळगुळीत कवचात, लाइफबोटीसुद्धा झाकणांच्या आड. वारा अंगावरून निसटून जावा म्हणून. भाच्याने मोबाइलवर चित्र दाखवलं. बोट कसली, चमचा पालथा घातल्यासारखं काहीतरी. देखणं मात्र विलक्षण!

“बांधली का नाही?”

“मावशी, पाणी हवेपेक्षा आठशे पट दाट असतं. बोटीला खरा अडथळा खालून. वाऱ्याचा त्यापुढे किरकोळ.”

नेमकी त्याच क्षणी त्या किरकोळ वाऱ्याने माझी छत्री उलटी केली. दोन काड्या तुटल्या. त्याने व्याख्यान थांबवलं नाही.

खरी करामत पाण्याखाली झाली, असं त्याचं म्हणणं. ‘नॉर्मंडी’चा सांगाडा आखणारा व्लादिमीर युर्केविच हा रशियन नौदलाचा जुना आरेखक, क्रांतीनंतर पॅरिसला येऊन मोटारीच्या कारखान्यात काम करत होता. त्याने नाळेच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाच्या, तळाशी, पाण्याखाली, एक फुगीर नाक दिलं. हे नाक स्वतःची एक लाट उठवतं आणि ती बोटीच्या मूळ लाटेला मारते. १९२९ च्या जर्मन ‘ब्रेमेन’लाही ते होतं. आज मोठ्या क्रूझला ते सर्रास असतं, इंधन वाचतं म्हणून. वरचा भाग मात्र बाल्कन्यांची चाळ झालाय, कारण प्रत्येक बाल्कनीचं भाडं मिळतं. थेंबाच्या आकाराला बाल्कन्या कुठून लावणार?

लाइफबोटींचं तेवढं थोडं वेगळं. झाकणाआड त्या गेल्या नाहीत, पण खाली आल्या. १९४७ च्या डच ‘विलेम राउस’ने त्या वरच्या डेकवरून काढून बाजूंच्या खोबणीत बसवल्या. आता सगळ्यांच्याच तशा. समोरच्या विल्हेल्मिना धक्क्यावर एक अवाढव्य पांढरी क्रूझ उभी होती, तिच्या कमरेला त्या नारिंगी मण्यांसारख्या ओळीने दिसत होत्या.

चारच्या सुमाराला ती सुटली. नदीतून समुद्राकडे जाताना आमच्या समोरूनच जाणार होती, म्हणून आम्ही मागच्या कठड्याशी थांबलो. मजल्यांवर मजले सरकत होते. एका बाल्कनीत कोणीतरी टॉवेल वाळत घातला होता. “वर बघू नकोस, नाळेकडे बघ,” भाचा म्हणाला. तिथे पांढऱ्या रंगाने एक खूण होती, इंग्रजी पाचाचं वरचं टोपण उडवल्यासारखी. इथे पाण्याखाली नाक आहे, जवळ येणाऱ्या टगबोटीने सांभाळावं, असा तिचा अर्थ. आणि त्या खुणेच्या पुढे, बोट अजून पोचायची होती तिथे, नदीचं पाणी फेस न होता गुळगुळीत वर आलं होतं, चादरीखाली कोणी कूस बदलावी तसं.