नऊ मीटर खाली

अॅल्युमिनियमचा एक तुकडा माझ्या टेबलावर आहे. बोटभर लांब. एका अंगाला वेल्डच्या लाटा, दुसऱ्या अंगाला आरशासारखा घासलेला काप. लाटा एका जागी एकदम थांबतात. तिथं मी आर्क, म्हणजे धातू वितळवणारी विजेची ज्योत, बंद केला. त्याला इतकी वर्षं झाली, तरी तो बंद करायला हवा होता का, हे मला अजून नक्की सांगता येत नाही.

कॅनडात ऑन्टारियोमधल्या चॉक रिव्हरला, ओटावा नदीच्या काठी, एनआरयू नावाची संशोधन अणुभट्टी होती. 1957 साली सुरू झालेली. जगभरच्या दवाखान्यांना लागणाऱ्या मोलिब्डेनम-99 पैकी साधारण एक तृतीयांश तिथून यायचं. या मोलिब्डेनमपासून टेक्नेशियम मिळतं. हाडांचे, हृदयाचे स्कॅन त्यावर होतात. मोलिब्डेनम साठवून ठेवता येत नाही, कारण 66 तासांत ते निम्मं होतं. टेक्नेशियम तर 6 तासांतच निम्मं. म्हणजे भट्टी थांबली की आठवड्याभरात जगाच्या दुसऱ्या टोकाचा एखादा पेशंट तपासणीविना घरी परततो. एवढा भार असलेल्या भट्टीला जोडीदार नव्हता. तिची जागा घेण्यासाठी मेपल नावाच्या दोन नव्या भट्ट्या बांधल्या होत्या. त्या 2008च्या मे महिन्यात कायमच्या गुंडाळल्या. जेमतेम वर्षानं, 14 मे 2009 रोजी त्या भागातली वीज गेली, एनआरयू बंद पडली, आणि दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की भट्टीत भरलेलं जड पाणी (हायड्रोजनच्या जड रूपाचं पाणी) गळतंय. तासाला साधारण 5 किलो.

"एवढीशी गळती, मग इतके महिने कशाला?" हा प्रश्न मला शेजाऱ्यांनी विचारला, दुकानात विचारला, पुण्याहून मामेभावानं फोनवर विचारला. त्याचं उत्तर मला नीट द्यायचं आहे.

भट्टीचं पात्र अॅल्युमिनियमचं. भिंत मुळात 8 मिलिमीटर जाड. ती गंजली होती बाहेरून. पात्राभोवतीच्या चिंचोळ्या पोकळीत दमट हवा होती. किरणोत्सर्गात त्या हवेतल्या नायट्रोजनचं नायट्रिक आम्ल बनत गेलं आणि त्यानं पात्राच्या तळाजवळची भिंत वर्षानुवर्षं खाल्ली. पण बाहेरून तिथं पोचायला वाटच नाही. दुरुस्ती करायची ती आतून, म्हणजे चांगल्या बाजूवर धातू चढवून सडलेल्या बाजूची ताकद भरून काढायची. आत जायला वरच्या झाकणातली 12 सेंटिमीटर व्यासाची भोकं. तिथून काम 9 मीटर खाली. माणूस आत जाणं शक्यच नाही.

तेवढ्या भोकातून वेल्डिंग हेड, कॅमेरा, दिवा, आर्गॉन वायूची नळी आणि वितळवून भरायची वायर, सगळं एका लांब दांड्यावर बसवून उतरवायचं. खाली गेल्यावर दुमडलेला हात कोपरातून उघडावा तसं ते उघडून भिंतीला टेकवायचं. आमची कंपनी अशी अवजारं बनवत होती. तिचं नाव इथं लिहीत नाही. तिथं मी दूरनियंत्रित वेल्डिंग करायचे. शेडमध्ये भट्टीच्या तळाचा मॉकअप, म्हणजे हुबेहूब नमुना, उभा केला होता आणि त्यावर आम्ही रोज तीच भिंत शिवत होतो.

अॅल्युमिनियमचा स्वभाव वेल्डिंग केलेल्यालाच कळतो. लोखंड तापलं की लाल होऊन सांगतं. हे काहीच सांगत नाही, सरळ ढासळतं. धातू वितळतो 660 अंशांना, पण त्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा 2000 अंशांच्या वर. तो आधी खरवडला नाही तर वरून सुरेख वेल्ड, आत नुसता थर. ओलावा जरा राहिला की बुडबुडे. वायर इतकी मऊ की 9 मीटर नुसती मागून ढकलली तर फीडरपाशी शेवयांसारखा गुंता होतो; म्हणून पुढं हेडमध्येही एक लहान मोटर बसवली होती, मागून ढकलायचं आणि पुढून ओढायचं. त्या मोटरच्या जागेसाठी आम्ही दोन महिने एकेका मिलिमीटरशी भांडलो. जे चाललं ते पाहिलं की आजही ऊर भरून येतो.

सगळ्यांत वाईट म्हणजे आकुंचन. वेल्ड थंड होताना आखडतो आणि शेजारची पातळ भिंत ओढतो. एक जागा भरताना दुसरीकडे चीर पडली तर भट्टी कायमची गेली. म्हणून प्रत्येक ओळीचा क्रम, लांबी, मधली थांबण्याची वेळ ठरलेली.

तो दिवस 2010च्या हिवाळ्यातला. त्याच फेब्रुवारीत नेदरलँड्समधली पेटनची भट्टीही दुरुस्तीसाठी बंद झाली होती. जगाला मोलिब्डेनम पुरवणाऱ्या दोन मोठ्या भट्ट्या एकाच वेळी थंड. आमच्या शेडमध्ये चाचणीची शेवटची प्लेट लावली होती. ती पास झाली की ही पद्धत साइटवर जाणार. तारखा आधीच पुढं गेल्या होत्या. मागं माणसं उभी होती, त्यांतली निम्मी घड्याळाकडे बघत.

कॅमेऱ्यावर सगळं छान होतं. पण मला कॅमेऱ्यावर कधीच पूर्ण भरवसा वाटला नाही, कारण प्रत्यक्ष भट्टीत किरणोत्सर्गामुळे चित्रावर पांढरे ठिपके नाचणार होते. म्हणून मी हेडफोन लावून काम करायचे. चांगला आर्क भुंग्यासारखा एकसुरी गुणगुणतो. तीन चतुर्थांश ओळ झाली आणि त्या गुणगुणीत एकदा, एकदाच, कढईतल्या तेलात पाण्याचा थेंब पडावा तसा आवाज आला. पडद्यावर आकडे हिरवे. हात आधी हलला, विचार मागून आला. मी आर्क बंद केला.

प्लेट बाद झाली. नवी बसवून, साफ करून, मापं घेऊन पुन्हा सुरू करायला दोन दिवस. प्रोजेक्ट मॅनेजरनं नोंदी काढल्या. त्या क्षणी वायरच्या मोटरचा करंट किंचित खाली आला होता, पण ठरवलेल्या मर्यादेच्या आतच. "मर्यादेच्या आत होतं, मग थांबवलंस का?" मर्यादेच्या रेषेपलीकडे काही असतं हे मानायलाच तयार नसलेली माणसं मी त्या वर्षभरात फार पाहिली. पण त्याच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, हेही खरं.

प्लेट कापली, घासली, कॉस्टिक सोड्यात बुडवली, भिंगाखाली धरली. बुडबुडा नाही, चीर नाही. मी थांबले तिथपर्यंत वेल्ड निर्दोष होता. पुढं काय झालं असतं ते धातूला माहीत, कारण पुढचा वेल्ड झालाच नाही.

आमच्यात एक म्हातारा वेल्डर होता, निवृत्तीनंतर परत बोलावलेला. तो काप बघून एवढंच म्हणाला, की ही प्लेट आपण कापून बघू शकलो, तिथली भिंत कोण कापणार? त्यानं मला बरं वाटलं, पण त्या रात्री डोक्यातून एकच हिशेब जाईना. 48 तासांत मोलिब्डेनमचा 40 टक्के भाग संपतो. भट्टी तर बंदच होती, तेव्हा या हिशेबाला अर्थ नाही, हे कळत होतं. तरी तो चालूच राहिला.

17 ऑगस्ट 2010 रोजी एनआरयू पुन्हा चालू झाली. 31 मार्च 2018 रोजी कायमची बंद होईपर्यंत ती चालली.

त्यानंतरच्या सुट्टीत मी तो तुकडा, रीतसर परवानगी काढून, मुंबईला नेला. बाबा तुर्भ्याला सायरसवर फिटर होते. ती भट्टी कॅनडाच्या मदतीनं बांधलेली, चॉक रिव्हरच्याच एनआरएक्सच्या धर्तीवर. 1960 साली सुरू झाली, 1997 पासून पाचेक वर्षं दुरुस्तीत होती आणि 2010च्या शेवटच्या दिवशी बंद झाली. त्या दुरुस्तीच्या वर्षांत बाबा रात्री उशिरा यायचे, अणुशक्तीनगरच्या घरात काही न बोलता जेवायचे. आम्हीही कधी विचारलं नाही.

त्यांनी चष्मा वर सरकवला आणि लाटांवरून अंगठ्याचं नख फिरवलं. नख बरोबर त्या जागी अडलं.

"इथं थांबलीस?"

"हो बाबा. पण कापात काहीच निघालं नाही."

त्यांनी तुकडा उलटा करून काप बघितला, परत सुलटा केला. मग आईला टीव्ही बंद करायला सांगितलं.

"आवाज कसा आला होता, ते करून दाखव," ते म्हणाले.