भाचीसाठी गोंडस कीबोर्ड

भाचीच्या वाढदिवसासाठी मी अक्को कंपनीचा ‘वर्ल्ड टूर टोकियो’ हा जपानी चित्रांनी नटलेला गुलाबी मेकॅनिकल (म्हणजे प्रत्येक कळेखाली स्वतंत्र स्विच असलेला) कीबोर्ड निवडला. अशा कीबोर्डचे रूप टिकणे हे कळांच्या प्लास्टिकवर आणि छपाईवर अवलंबून असते: एबीएस या प्लास्टिकच्या कळा वापराने चकाकू लागतात, तर पीबीटी या दुसऱ्या प्लास्टिकवर उष्णतेने शाई आत मुरवून उमटवलेली चित्रे सहसा पुसली जात नाहीत. भाची रात्री आजीच्या खोलीत अभ्यास करते, त्यामुळे टकटक करणारे निळे स्विच बाद झाले आणि तुलनेने शांत असे तपकिरी स्विच ठरले. मांजरीच्या पंजाची उठावदार कळ दिसते मोहक, पण बोटांना अडते; ती फारशा न लागणाऱ्या एस्केपच्या जागीच शोभते. चेरी एमएक्स या स्विचच्या प्रचलित पद्धतीतील अधिक-चिन्हासारख्या खुंटीमुळे अशी सुटी कळ सहज बसते, म्हणून तीही सोबत घेतली.