तिसरा भाग कधी? तुम्ही विचारलंत म्हणून

गेली काही वर्षे मला भेटणारी माणसे दोनच प्रश्न विचारतात. ज्यांना दुसरा भाग आवडला ते विचारतात, "तिसरा कधी?" ज्यांना आवडला नाही ते विचारतात, "चाललेल्या सिनेमाचे असे पुढचे भाग काढायचेच कशाला?" हे प्रश्न मला कर्वे रस्त्यावरच्या सिग्नलला, मंगल कार्यालयातल्या पंगतीत आणि एकदा तर दंतवैद्याच्या खुर्चीत, तोंड उघडे असताना विचारले गेले आहेत. आजवर हसून वेळ मारून नेली. आता एकदाचे लिहूनच टाकतो.

चित्रपटाचे नाव लिहीत नाही. विचारणाऱ्यांना ते ठाऊकच आहे, आणि इतरांना एवढे पुरे की नारायण पेठेतल्या एका वाड्यात बोलणे टाकलेले दोन भाऊ राहतात, त्यांच्या खोल्यांच्या मध्ये एकच दार आहे आणि त्या दाराला दोन्ही बाजूंनी कडी आहे. शेवटच्या दृश्यात थोरला आपल्या बाजूची कडी काढतो, पडदा काळा होतो आणि त्या अंधारात पलीकडची कडी निघाल्याचा आवाज येतो. हे मी लिहिले. सहा वर्षांनी दुसरा भाग आला, तोही मीच लिहिला. हे आधीच सांगितलेले बरे, कारण पुढचे वाचून "मग लिहिलात कशाला?" असे तुम्ही म्हणणारच आहात.

पहिला भाग गाजत असताना एका रसिक मंडळाने मला बोलावले होते. तिथे मी, सीक्वेल म्हणजे शिळ्या कढीला ऊत, असे ठणकावून सांगितले आणि टाळ्या घेतल्या. तो गृहस्थ आज भेटला तर मी त्याला विचारीन की, बाबा रे, तू पाहिले आहेस तरी काय? 'द गॉडफादर' १९७२ मध्ये आला, त्याचा दुसरा भाग १९७४ मध्ये, आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर त्या दुसऱ्या भागालाही मिळाले. २००३ मध्ये वैद्यकीय महाविद्यालयात घुसलेला मुन्नाभाई २००६ मध्ये गांधीजींशी बोलू लागला, आणि तो दुसरा चित्रपट पहिल्याहून सरस आहे असे मानणारी दोन माणसे माझ्या घरातच आहेत. इतकी ठाम विधाने करणाऱ्या माणसाने आधी चार चित्रपट नीट पाहावेत, एवढेच माझे त्याला सांगणे आहे. त्याचे उत्तरही मला ऐकू येते: "मी निदान टाळ्यांवर थांबलो होतो, तू मानधन घेतलेस."

मी घेतले. ते कसे, हे सांगण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण सगळ्या पुढच्या भागांना एकाच काठीने हाकणे मला आता पटत नाही. काही गोष्टींची रचनाच अशी असते की त्या संपत नाहीत. 'झपाटलेला' १९९३ चा, दुसरा भाग २०१३ चा, तोही थ्रीडी. मधल्या वीस वर्षांत लक्ष्मीकांत बेर्डे गेले, पण तात्या विंचू परत येऊ शकला, कारण बाहुल्यात शिरलेल्या आत्म्याला निवृत्तीचे वय नसते. 'नवरा माझा नवसाचा' मध्ये २००४ साली मंडळी एसटीने गणपतीपुळ्याला निघाली आणि २०२४ मध्ये कोकण रेल्वेने. नवस आणि प्रवास या दोन्ही गोष्टी माणूस पुन्हा करू शकतो, त्यात पहिल्या फेरीचे काही बिघडत नाही.

'मुंबई-पुणे-मुंबई' चे प्रकरण मात्र मला जवळचे वाटते. २०१० च्या पहिल्या चित्रपटात एक मुलगा आणि एक मुलगी दिवसभर पुण्यात भटकतात आणि अखेरपर्यंत एकमेकांना नावे सांगत नाहीत. सारी गंमत त्या नसलेल्या नावांत होती. २०१५ च्या दुसऱ्या भागात लग्न ठरले आणि त्यांना नावे मिळाली, गौतम आणि गौरी. मिळणारच, पत्रिकेवर नाव घालावेच लागते. तो दुसरा भाग मी आनंदाने पाहिला आहे आणि २०१८ चा तिसराही, त्यामुळे तक्रार म्हणून हे लिहीत नाही. पुढे जाण्यासाठी पहिल्या गोष्टीतले काहीतरी द्यावे लागते, हे मला तिथे प्रथम दिसले, आणि दिसूनही मी त्यातून काही शिकलो नाही.

कुणी म्हणते की पूर्वी असले काही नव्हते. प्रभातच्या ज्या आवारात आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तिथे चित्रपट रसास्वादाच्या वर्गाला बसलो असताना माझाही असाच समज होता. पण १९३६ चा 'संत तुकाराम' अमाप चालल्यावर प्रभातने १९४० मध्ये 'संत ज्ञानेश्वर' आणि १९४१ मध्ये 'संत सखू' काढलेच. चाललेल्या वाटेने पुन्हा जाण्याचा मोह दामल्यांच्या आणि फत्तेलालांच्या कंपनीलाही होता. फरक इतकाच की वैकुंठाला गेलेल्या तुकोबांना त्यांनी परत देहूला आणले नाही.

आता माझ्याविषयी. पहिल्या चित्रपटाच्या करारात एक कलम होते: पात्रे, कथानक, शीर्षक आणि त्यांवर आधारित पुढील सर्व भागांचे हक्क निर्मात्याकडे राहतील. मी ते न वाचता सही केली होती, असे मी बराच काळ सांगत असे. खरे असे की मी ते वाचले होते आणि पुढचा भाग कोण काढतो, असे मनाशी म्हटले होते. लेखकांच्या स्वामित्वधनासाठी २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, तिचे मोल मी जाणतो. पण थोरला आणि धाकटा कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर माझ्या करारातच होते आणि ते माझे नव्हते. निर्मात्याने मला बोलावून सरळ सांगितले, "तुम्ही नाही लिहिलंत तर दुसरं कुणीतरी लिहील. मला वाटतं तुम्ही लिहावं." यात धमकी नव्हती, त्या माणसाचा व्यवहार चोख होता. मधल्या काळात त्याचे दोन चांगले चित्रपट पडले होते. मराठी चित्रपटाला शुक्रवार, शनिवार आणि रविवार मिळतात. तेवढ्यात लोक आले नाहीत तर सोमवारी खेळ सकाळी अकराला ढकलला जातो, आणि सकाळी अकराला कोण येणार? ओळखीचे नाव असले की शुक्रवारी निदान माणसे दारापर्यंत येतात. त्या चित्रपटावर अनेकांची घरे काही महिने चालली. माझ्याही घराचे हप्ते त्यात फिटले, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

लाज वाटते ती वेगळ्या गोष्टीची. पहिल्या बैठकीत दिग्दर्शकाने विचारले, "मग आता यांचं भांडण कशावरून?" आणि मी क्षणभरही न अडखळता म्हणालो, "वाडा बिल्डरला जातो. वरचा मजला कुणाला, यावरून." सगळे खूश झाले. आपणच काढलेली कडी आपण पुन्हा घालत आहोत, हे त्या खोलीत कोणाच्याही मनात आले नाही. माझ्याही आले नाही. डोके भराभर चालत होते आणि ते चालते आहे याचाच मला आनंद होता.

पहिल्या दिवशी संध्याकाळचा खेळ मी शहरातल्या एका जुन्या, एकच पडदा असलेल्या चित्रपटगृहात पाहायला गेलो. पाऊण सभागृह भरले होते. मध्यंतराला मी वड्यांच्या खिडकीशी उभा असताना साठी उलटलेले एक गृहस्थ जवळ आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, हातात दोन कागदी पुड्या, प्रत्येकीत एकेक वडा. त्यांनी मला ओळखले होते.

"लेखक तुम्हीच ना?"

मी हो म्हणालो आणि कौतुक ऐकण्याच्या तयारीने जरा हसलो.

"पहिला भाग मी एकटा बघितला होता," ते म्हणाले. "ती कडी वाजली ना शेवटी, त्यानंतर रात्री साडेदहाला धाकट्या भावाला फोन केला. नऊ वर्षांनी. आमचं शेताच्या बांधावरून होतं."

मला काय बोलावे ते सुचेना. माझ्या लिहिण्यामुळे असे काही घडल्याचे मला तोवर कुणी सांगितले नव्हते.

"आज त्याला मुद्दाम घेऊन आलो. म्हटलं, ज्याच्यामुळं आपण परत बोलायला लागलो, त्याचा पुढचा भाग आलाय." त्यांनी पुड्यांकडे पाहिले. एका पुडीतून तेल बाहेर येऊ लागले होते. "आता तो आत बसलाय. दिवे लागले तरी उठला नाही. मी वडा आणू का विचारलं, तर पडद्याकडेच बघत राहिला. तिथं तर काहीच नाहीये."

पडद्यावर पाच मिनिटांपूर्वी थोरल्याने धाकट्याला वकिलाची नोटीस पाठवली होती. त्या नोटिशीची भाषा खरी वाटावी म्हणून मी एका परिचित वकिलांकडून ती तपासून घेतली होती.

"पुढं काय होतं ते सांगा," ते म्हणाले. "म्हणजे त्याला थांबवायचं की घरी न्यायचं, ते ठरवता येईल."

मी म्हणालो, "शेवटी मिटतं, काका. नव्या इमारतीच्या वास्तुशांतीला दोघं एका पाटावर बसतात."

त्यांनी मान हलवली. घंटा झाली, माणसे आत जाऊ लागली, तरी ते तिथेच होते. मग त्यांनी मला अगदी सरळपणे विचारले, "आणि तिसऱ्या भागात?"

तिसऱ्या भागाविषयी विचारणारा तो पहिला माणूस. त्यात टोमणा नव्हता. या दोघांचे पुढे काय होणार आहे हे लेखकाला ठाऊक असेल, असे त्यांना खरोखर वाटत होते. मी म्हणालो, "तिसरा भाग नाही." ते म्हणाले, "मागल्या वेळी तुम्ही पेपरात दुसराही नाही असंच म्हणाला होतात." आणि दोन्ही वडे सांभाळत आत गेले.

मी आत गेलो नाही. चित्रपट संपण्याची वाट पाहून त्या दोघांना बाहेर पडताना पाहणे मला शक्य होते. ते बरोबर निघाले की वेगवेगळे, एवढे तरी कळले असते. मी वाहनतळावरून स्कूटर काढली आणि घरी आलो. वाटेत मी स्वतःशी फार चांगला युक्तिवाद केला: चित्रपट पाहून जोडलेले नाते चित्रपट पाहून तुटत असेल तर ते जोडलेच गेले नव्हते, लेखक काही समेट घडवणारा पंच नसतो, आणि माणसांना अखेर बांधावरून भांडायचेच असते. यातले प्रत्येक विधान मला आजही बरोबर वाटते. तरीही त्या मध्यंतरानंतरचा भाग मी आजतागायत प्रेक्षकांत बसून पाहिलेला नाही.

एका मित्राने माझी समजूत घालताना रामायणाचा दाखला दिला. युद्धकांडाच्या अखेरीस राज्याभिषेक होतो, सगळे सुखरूप परततात, गोष्ट संपते. आणि मग उत्तरकांडात राम सीतेचा त्याग करतो. ते कांड मागाहून जोडले गेले, असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे मिटलेले उकरून काढण्याची परंपरा आपल्याकडे जुनीच आहे. पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ मध्ये गीतरामायण झाले, तेव्हा गदिमाही राज्याभिषेकाशी थांबले नाहीत. सीतात्यागाचे गाणे त्यात आहे आणि ते ऐकताना माझ्या आईचे हात हातातल्या कामावर थांबत असत.

मित्राचा मुद्दा मला मान्य झाला आणि त्यानेच माझी उरलेली पळवाट बंद केली. उत्तरकांडात जे मोडते ते पुन्हा जुळत नाही. सीता परत येत नाही, भूमीत जाते. ज्याने ते रचले त्याला मोडण्याची किंमत ठाऊक होती. मी भाऊ तोडले ते दोन तासांनी पुन्हा जोडण्यासाठी, आणि ते जुळणार हे नोटीस लिहितानाच मला माहीत होते. सभागृहात बसलेल्या धाकट्या भावाला ते माहीत नव्हते. आम्ही शेवटी सगळे गोड केले याच समाधानात वावरत होतो, आणि मध्यंतरापर्यंतच्या त्या तासाभराचे काय, हे आमच्या एकाही बैठकीत निघाले नाही.

तर तुमच्या प्रश्नाचे उत्तर काय? पुढचे भाग काढू नयेत, असे मी म्हणणार नाही. उद्या तात्या विंचू आणखी एकदा आला तर मी तिकीट काढीन. आमचा दुसरा भाग काढायला नको होता का? सोमवारी सकाळी नको होता असे वाटते, आणि हप्ता गेल्याचा संदेश मोबाइलवर येतो तेव्हा ठीकच झाले असे वाटते. तो भाग चालला हे विसरून चालणार नाही, तुम्हीच चालवलात. मला दोष देणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तो दोनदा पाहिला आहे, हेही त्यांनीच मला सांगितले आहे.

गेल्या महिन्यात निर्मात्याचा निरोप आला. तिसऱ्या भागासाठी एक तरुण लेखक तयार आहे, कथाबीजही आहे, पण पहिला अधिकार माझा. भावांच्या मुलांत भांडण लावायचे आहे. मी दोन दिवसांत कळवतो म्हणालो, त्याला आता पाच आठवडे झाले. नकार देण्यासाठी पाच आठवडे लागत नाहीत, हे त्यालाही कळत असणार.

अडचण अशी आहे की मला काहीतरी सुचले आहे. वाडा पाडताना ते दार भंगारात गेले, असे दुसऱ्या भागात एका संवादात येऊन गेले होते. ते दार जुन्या बाजारात विकले जाते, वडगावकडच्या एका दोन खोल्यांच्या घराला बसते आणि भाऊ गोष्टीत कुठेच येत नाहीत. त्या घरातली आठ-नऊ वर्षांची मुलगी सुताराला विचारते, "आतल्या दाराला दोन्हीकडून कडी कशाला?" सुतार म्हणतो, "तशीच आली." आणि बाहेरच्या अंगाची कडी काढण्यासाठी पेचकस लावतो. पेच गंजलेला आहे, फिरत नाही.

वहीत एवढेच लिहिले आहे. निर्मात्याला अजून कळवलेले नाही.